पाळी आलीच नाही, चुकली, थांबली : विदर्भातल्या मुलींचे आणि त्यांच्या आयांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतली सत्रं, बचत गटाच्या बैठका, आशाताईंचे फोन आणि रात्री उशिरा येणारे व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप यांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणारीच्या शब्दांत ठेवलेत, नावगाव काढून टाकलंय. सगळं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथला आकडा दिलाय. औषध मात्र इथलं वाचून ठरवू नका.

१. पाळी किती लांबली की काळजी करायची?

एखाद्या महिन्यात आठ-दहा दिवस मागेपुढे झाले तर काही बिघडत नाही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. मोठ्या बाईत हे अंतर साधारण २१ ते ३५ दिवसांचं असतं, किशोरवयात ४५ दिवसांपर्यंत चालतं. आधी नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा आधीपासूनच अनियमित असलेली सहा महिने आली नाही, तर ती बंद झाली असं धरून डॉक्टर कारण शोधायला लागतात. शरीरसंबंध आलेला असेल तर मात्र तीन महिने वाट पाहायची नाही. आठवडाभर उशीर झाला की प्रश्न ४ वाचा.

तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिकमार्क करून ठेवा. घरच्यांच्या नजरेत यायला नको असेल तर वहीच्या मागच्या पानावर. डॉक्टर पहिल्यांदा तारीखच विचारतात, आणि "पोळ्याच्या आसपास आली होती" या उत्तरावरून त्यांना फारसं काही कळत नाही.

२. माह्या पोरीले सोळावं लागलं, अजून पाळीच नाही आली. माही बहीण म्हणते आपल्यात उशिराच येते. थांबू काय?

थांबू नका. १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा छाती भरायला लागून तीन वर्षं उलटली तरी आली नाही, तर दाखवायचं. १३ पूर्ण झाले आणि छातीची वाढच सुरू झाली नसेल तर त्याहून आधी.

बहिणीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आईला, मावशीला उशिरा आली असेल तर मुलीलाही उशिरा येऊ शकते. पण "आपल्यात असंच असतं" हे तपासणी झाल्यावर म्हणायचं, आधी नाही.

डॉक्टर मुलीची उंची, वजन, छातीची वाढ आणि काखेतले केस पाहतात. एवढ्यावरून बरीचशी दिशा कळते. वाढ नीट झालीय पण पाळी नाही, तर रक्त बाहेर यायच्या वाटेत किंवा गर्भपिशवीतच अडचण असू शकते (प्रश्न १६ आणि १७). वाढच झालेली नाही, तर बीजकोशांकडे, मेंदूतल्या ग्रंथीकडे, कुपोषणाकडे किंवा जुन्या आजाराकडे पाहावं लागतं (प्रश्न ८, १० आणि १७). आणखी एक गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असते: बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं. म्हणून एकदाही पाळी न आलेल्या मुलीलाही दिवस जाऊ शकतात.

३. पाळी सुरू होऊन दीडच वर्ष झालं. कधी महिन्याने येते, कधी दोन महिन्यांनी. गोळ्या सुरू कराव्या का?

बहुतेक वेळा नाही. पहिली दोन-तीन वर्षं मेंदू आणि बीजकोश यांचा मेळ बसायचा असतो, तोवर असंच चालतं. पण दोन पाळ्यांत ९० दिवसांहून जास्त अंतर एकदा जरी पडलं तरी दाखवून घ्या. आणि एकदा आली की आठवड्यापेक्षा जास्त दिवस जाते, तासा-दोन तासाला कापड भिजतं, असं असेल तर तो वेगळा त्रास आहे. त्यासाठी लगेच जा.

४. लग्न झालं नाही तरी सिस्टर आधी लघवीची तपासणी कर म्हणते. हा अपमानच ना?

काही ठिकाणी ज्या आवाजात विचारतात त्याने अपमान होतो, हे खरं आहे. तपासणी मात्र प्रत्येकीचीच करायची असते, डॉक्टरच्या स्वतःच्या मुलीचीसुद्धा. या वयात थांबलेल्या पाळीचं सगळ्यात नेहमीचं कारण दिवस जाणं हेच आहे, आणि पुढचं औषध, एक्स-रे सगळं त्यावर ठरतं. तुमचा संबंध आलेला नसेल तर तपासणी निगेटिव्ह येईल आणि विषय तिथेच संपेल.

आशाताईकडे "निश्चय" नावाचं किट मोफत मिळतं. मेडिकलमध्ये विकतही मिळतं. पाळीची तारीख टळून आठवडा झाला की सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासा. दुसरी रेघ पुसट असली तरी ती पॉझिटिव्हच. निगेटिव्ह येऊनही पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा करा.

पाळी चुकलीय आणि पोटात एका बाजूला जोराची कळ येते, चक्कर येते, खांदा दुखतो, असं असेल तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. १०८ ला फोन करा. सकाळपर्यंत थांबू नका.

५. तपासणीत दोन रेघा आल्या. लग्न झालेलं नाही. आता सरकारी दवाखान्यात पोलिसांना बोलावतात का?

वय १८ पूर्ण असेल तर नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, २०२१ मध्ये तो बदलला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं. सज्ञान मुलीची स्वतःची संमती पुरते. आईवडिलांची, नवऱ्याची सही लागत नाही. कोणी मागितली तर तसं सांगा.

मुलगी १८ च्या आतली असेल, मग तिचं लग्न लावून दिलेलं का असेना, तर पालकाची लेखी संमती लागते आणि पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर त्यात तिची ओळख उघड करण्याची सक्ती डॉक्टरवर नाही, हेही त्याच निकालात आहे. या भीतीपायी मुली चार-पाच महिने दडवून ठेवतात आणि सोपी गोष्ट अवघड होते. मुलीवर जबरदस्ती झाली असेल तर चाइल्डलाइन १०९८.

६. मेडिकलवाल्याने "पाळी आणायची गोळी" दिली, पाच दिवसांत पाळी आली. म्हणजे झालं ना बरं?

नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ या एका गोष्टीने होतो.

ती गोळी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) जातीची असते. पाच ते दहा दिवस घेऊन थांबवली की आठवडाभरात रक्तस्राव होतो. डॉक्टर तिचा वापर तपासणीसारखा करतात. रक्तस्राव झाला, तर गर्भपिशवीचं अस्तर तयार होतंय आणि वाट मोकळी आहे एवढं कळतं. नाही झाला, तर शरीरात इस्ट्रोजेन हे बाईचं संप्रेरक कमी आहे किंवा पिशवीत अथवा वाटेत अडथळा आहे. दोन्ही वेळा खरा प्रश्न उरतोच: आपोआप का येत नाही? थायरॉईड असेल तर तो तसाच राहतो, मेंदूतल्या ग्रंथीवरची गाठ तशीच वाढते. वर्षानुवर्षं "गोळी घेतली की येते, सोडली की जाते" असं म्हणणाऱ्या बाया आम्ही पाहतो. त्यांच्या फाइलमध्ये गोळ्यांच्या चिठ्ठ्या असतात, रक्ताचा एकही रिपोर्ट नसतो.

दुसरा धोका मोठा आहे. पाळी आणायची गोळी म्हणून काही ठिकाणी गर्भपाताच्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय विकल्या जातात. त्या नऊ आठवड्यांपर्यंतच, डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायच्या असतात. किती दिवस झालेत हे न पाहता घेतल्या तर अर्धवट गर्भपात होऊन जीवावर बेतू शकतं. म्हणून आधी प्रश्न ४, मग कोणतीही गोळी.

७. सोनोग्राफीत "पीसीओडी" आलं. मुलगी १६ वर्षांची आहे. आता मूल होणार नाही का?

पीसीओडी म्हणजे बीज नियमित न सुटणं आणि पुरुषी संप्रेरक वाढणं. दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहू.

पहिली, निदान बरोबर आहे का? बीजकोशावर बारीक पाणीगाठी दिसणं हे कोवळ्या वयात नेहमीचंच असतं. म्हणून पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. या वयात दोन खुणा एकत्र लागतात: पाळी खरोखर अनियमित (प्रश्न ३ मध्ये सांगितलेला सुरुवातीचा काळ सोडून), आणि पुरुषी संप्रेरक वाढल्याच्या खुणा, म्हणजे हनुवटीवर-ओठांवर राठ केस, न जाणारी मुरुमं, किंवा रक्तात तसा आकडा. तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरमधून निघालेला कागद घेऊन घरभर रडारड झालेली आम्ही पाहिलीय. मुलीला खरं तर काहीच नव्हतं. निदानाआधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनही (प्रश्न ११) तपासायला हवं, कारण तीही पाळी थांबवतात.

दुसरी, खरंच पीसीओडी असेल तर? मूल होत नाही हे खोटं आहे. बीज नियमित सुटत नाही म्हणून उशीर होऊ शकतो आणि कधी औषध लागतं. बहुतेकींना मूल होतं. लग्न करून टाका, आपोआप बरं होईल, हा सल्लाही तेवढाच खोटा आहे. लग्न हे कोणत्याच संप्रेरकाचं औषध नाही.

मानेभोवती, काखेत कातडी काळी आणि मखमली झाली असेल तर ती मळ समजून दगडाने घासू नका. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण आहे. साखर तपासून घ्या. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घटलं तरी बऱ्याच जणींची पाळी परत येते. ६५ किलोच्या मुलीला हे तीन ते साडेसहा किलो. त्यासाठी दुकानातली पावडर नको. चहातली साखर, पुडीतला चिवडा आणि कोल्ड्रिंक कमी करा, ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी वाढवा आणि रोज घाम येईल इतकं चाला. सडपातळ मुलींनाही पीसीओडी होतो. त्यांना उपाशी ठेवू नका.

पाळी तीन-तीन महिने येतच नसेल तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टर ठरावीक काळाने ते बाहेर काढायला गोळ्या देतात. प्रश्न ६ मधली गोळी आणि ही एकच असू शकते. इथे मात्र ती निदान करून, देखरेखीखाली दिलेली असते.

८. मी पोलिस भरतीची तयारी करते. सकाळ-संध्याकाळ धावते, चार महिने पाळी नाही. मैत्रिणी म्हणतात बरंच आहे, ग्राउंडला त्रास नाही. खरंय का?

नाही. आणि या प्रश्नावर आम्हाला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तो दरवर्षी वाढतोय.

शरीराला मिळणारं अन्न आणि खर्च होणारी ताकद यांत मोठी तूट पडली की मेंदू आधी पाळीचं खातं बंद करतो. घरात दाणे कमी असले की पेरणीचा खर्च थांबवून आधी चूल चालवतात, तसंच हे. पहाटे रिकाम्या पोटी धावणं, मग क्लास, दुपारी एक पोळी, संध्याकाळी पुन्हा मैदान, वर वजन वाढू नये म्हणून रात्री भात सोडलेला. ८०० मीटरची वेळ सुधारते, पण आत इस्ट्रोजेन आटतं. इस्ट्रोजेन नसलं की हाडं ठिसूळ होतात. नडगीत न जाणारं दुखणं हे बऱ्याचदा हाडाला गेलेली बारीक चीर असते, आणि अशी चीर घेऊन भरतीच्या मैदानावर उतरणं म्हणजे वर्ष वाया घालवणं.

वजन नेहमीच फार कमी दिसतं असं नाही. दिसायला ठणठणीत मुलीचीही पाळी अशी थांबते. उपाय गोळीत नाही, ताटात आहे. धावायच्या आधी केळं किंवा गूळ-फुटाणे, नंतर तासाभरात पोटभर जेवण, वरण किंवा अंडी रोज, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. पाळी परत यायला काही महिने लागतात. मधल्या काळात थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन तपासून दुसरं कारण नाही ना हे पाहायचं.

हीच गोष्ट वेगळ्या रूपात वेचणीच्या आणि रोवणीच्या हंगामात दिसते: सकाळी चहा-पोळीवर निघालेली मुलगी, दिवसभर वावरात, रात्री दमून न जेवता झोपलेली. नवरात्राचे नऊ दिवस उपास एकट्याने पाळी बंद करत नाहीत. पण आधीच हाडं दिसणारी मुलगी आठवड्याचे तीन वार धरत असेल तर करू शकतात. बारावीचं वर्ष, आश्रमशाळेतले किंवा वसतिगृहातले पहिले महिने, घरातला मृत्यू, रोजची मारहाण यांनीही पाळी थांबते. जेवण मुद्दाम टाळणं, जेवून ओकणं असं काही असेल किंवा मन फार खचलं असेल तर टेली-मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

९. रक्त कमी आहे म्हणून पाळी येत नाही, असं सांगितलं. लोहाच्या गोळ्या घेऊन येईल का?

लोहाच्या गोळ्या रक्तासाठी घ्याच, पण पाळीची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका. साधारणपणे गोष्ट उलटी असते: पाळी जास्त जाते म्हणून रक्त कमी होतं. हिमोग्लोबिन ८ असलेल्या मुलीची पाळी बंद असेल तर दोन्हींमागे एकच तिसरं कारण असू शकतं, जसं अन्नाची तूट (प्रश्न ८), सिकलसेल (प्रश्न १०) किंवा टीबी (प्रश्न १५).

१०. मुलीला सिकलसेल आहे, एसएस. तिच्याबरोबरच्या सगळ्यांना पाळी आली, तिला नाही.

एसएस असलेल्या, म्हणजे नुसत्या वाहक नसून आजारच असलेल्या मुलींची वाढ आणि पाळी दोन्ही उशिरा येतात, साधारण दोनेक वर्षं मागे. पूर्व विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात हे बरंच दिसतं. उंची आणि छातीची वाढ हळूहळू का होईना पुढे सरकत असेल तर थोडं थांबता येतं, पण प्रश्न २ मधली वयं ओलांडली तर सिकलसेल आहे म्हणून सोडून देऊ नका; दुसरं कारणही असू शकतं. फक्त एएस असेल, म्हणजे ती वाहक असेल, तर पाळीला उशीर त्यामुळे होत नाही.

११. मूल नाही, तरी छातीतून दुधासारखं येतं आणि पाळी बंद आहे. कोणाला सांगायची लाज वाटते.

सांगा, कारण याचं कारण सहसा सापडतं आणि औषधही असतं. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की दूध येतं आणि पाळी थांबते. ते वाढतं थायरॉईड मंदावल्याने, मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवर छोटी गाठ झाल्याने, आणि औषधांमुळे.

औषधांचं कुणाच्या लक्षात येत नाही. मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन याला प्रसिद्ध आहे. पण अ‍ॅसिडिटीसाठी महिनोन्‌महिने घेतल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं, आणि त्यानेही प्रोलॅक्टिन वाढतं. गोळीची पट्टी उलटून नाव वाचा, डॉक्टरला दाखवा. मानसिक आजाराचं औषध मात्र स्वतःहून कधीही बंद करू नका. ते बदलून मिळतं.

डोकं सतत दुखतं आणि बाजूचं नीट दिसत नाही, रस्ता ओलांडताना गाडी अचानक आल्यासारखी वाटते, असं असेल तर लवकर मोठ्या रुग्णालयात जा. नुसता थायरॉईड कमी असेल तर रोज एक गोळी, उपाशीपोटी.

१२. बाळ आठ महिन्यांचं झालं, अंगावर पितं. पाळी अजून नाही.

अंगावर पाजत असताना पाळी न येणं साहजिक आहे, कधी वर्षभरही. पण त्यावर भरवसा ठेवून दुसरी काळजी सोडू नका. पाळी न येणं हे संततीनियमन म्हणून तेव्हाच चालतं जेव्हा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, दिवसरात्र फक्त अंगावरच पितंय आणि पाळी एकदाही आलेली नाही. तुमचं बाळ आठ महिन्यांचं आहे, म्हणजे ही सोय संपली. आधी प्रश्न ४.

बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, त्यानंतर दूध आलंच नाही, पाळीही आली नाही, सतत थकवा, थंडी वाजते, काखेतले केस गळाले: असं असेल तर रक्तस्रावाने मेंदूतल्या ग्रंथीला इजा झालेली असू शकते. वर्षानुवर्षं अशक्तपणा म्हणून सलाईन घेणाऱ्या बाईच्या मागे कधी हे निघतं. योग्य गोळ्यांनी ती उभी राहते, न ओळखलं तर साध्या तापातही जीव धोक्यात येतो. बाळंतपणाची ती हकीकत डॉक्टरला मुद्दाम सांगा.

१३. अंतरा इंजेक्शन घेतल्यापासून पाळी बंद. ते रक्त अंगात साठत असेल का?

साठत नाही. अस्तर तयारच होत नाही, म्हणून बाहेर पडायला काही नसतं. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या या गर्भनिरोधक इंजेक्शनने वर्षभरात साधारण निम्म्या जणींची पाळी बंद होते. सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. लवकर मूल हवं असणारीने हे आधीच लक्षात घ्यावं. छाया या गर्भनिरोधक गोळीत संप्रेरक नसतं, तरी तिच्याने पाळी लांबते. पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली तर निश्चय किट वापरा.

१४. महालक्ष्म्यांसाठी पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या. सण होऊन बारा दिवस झाले, पाळी येईना.

गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत, फार तर आठवडाभरात पाळी येते. बारा दिवस झाले म्हणजे लघवीची तपासणी करा. निगेटिव्ह असेल तर एकदोन महिन्यांत चक्र रुळावर येतं. एरवी या गोळ्या वर्षातून एखाद्या वेळी, डॉक्टरला विचारून घेतल्या तर चालतात. पण महालक्ष्म्या, नवरात्र, लग्नसराई असं करत वर्षात चार वेळा घेणाऱ्या आहेत, आणि त्यांना देणारे त्यांच्याच घरचे आहेत. पायात रक्ताची गाठ झालेली असेल किंवा अर्धांगवायू झाला असेल तर अजिबात नाही.

१५. टीबीने पाळी बंद होते का? मला तर खोकला नाही.

होते, आणि खोकला नसतानाही. टीबी गर्भनळ्या आणि गर्भपिशवीचं अस्तर धरू शकतो. पाळी कमी कमी होत बंद पडते, ओटीपोट दुखतं, कधी काहीच दुखत नाही आणि मूल होत नाही म्हणून तपासताना सापडतो. फुप्फुसाच्या टीबीत वजन उतरल्यानेही पाळी थांबते. ती उपचारानंतर परत येते. अस्तरावर व्रण पडले असतील तर मात्र औषध पूर्ण करूनही परत येईलच असं नाही, म्हणून लवकर शोधायचा. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. क्युरेटिंगनंतर (पिशवी आतून खरवडून साफ केल्यावर) पाळी बंद झाली असेल तर त्यामागेही असेच व्रण असू शकतात.

१६. पोरगी चौदा वर्षांची. दर महिन्याले चार दिवस पोट धरून बसते, पाळी काही येत नाही.

ही गोष्ट थांबवून ठेवायची नाही. पाळी येतेय, पण बाहेर यायची वाट बंद आहे, असं असू शकतं. योनीच्या तोंडाशी असलेला पडदा पूर्ण बंद असेल तर दर महिन्याचं रक्त आत साठत जातं. प्रश्न १३ मधली भीती इथे मात्र खरी ठरते. पोटात गोळा लागतो, कधी लघवी अडते. छोट्या शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते, मुलीचं पुढचं सगळं नीट होतं. ती वाट वर कुठे अडली असेल तर शस्त्रक्रिया मोठी असते, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी न्या. लघवी अडली असेल तर आजच.

१७. सोनोग्राफीत पिशवीच दिसत नाही म्हणाले. मुलगी १७ ची. लग्नाचं काय सांगायचं?

आधी निदान पूर्ण होऊ द्या. बारीक, न वाढलेली पिशवी पोटावरच्या सोनोग्राफीत दिसत नाही आणि नाही असं लिहिलं जातं. रक्ताची संप्रेरकं, गुणसूत्रांची तपासणी आणि गरजेप्रमाणे एमआरआय झाल्याशिवाय काहीच ठरवू नका.

साधारण तीन शक्यता असतात. काही मुलींचे बीजकोश उत्तम असतात, छाती भरते, पण गर्भपिशवी जन्मतःच तयार झालेली नसते. सुमारे पाच हजारांत एक. यांच्या मूत्रपिंडांतही फरक असू शकतो, म्हणून तीही पाहतात. काही मुली उंचीला कमी राहतात, छाती वाढत नाही, कारण एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अर्धवट असतं. सुमारे अडीच हजारांत एक. यांना इस्ट्रोजेन देऊन वाढ आणि पाळी आणता येते, आणि हृदयाची तपासणी करावी लागते. वर्गात सगळ्यात बुटकी राहिलेली मुलगी शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाच्या डॉक्टरला लहानपणीच दाखवली तर उंचीसाठीही काही करता येतं. तिसऱ्या प्रकारात गुणसूत्रं एक्सवाय असतात पण शरीर पुरुषी संप्रेरकाला दाद देत नाही. ती मुलगी म्हणूनच वाढते, मुलगीच असते. आत असलेल्या ग्रंथींचं काय करायचं हे तज्ज्ञ ठरवतात.

लग्नाचं: निर्णय मुलीचा, आणि तो तिला सगळं समजावून सांगितल्यावरचा. आई-वडील रिपोर्ट कपाटात ठेवून लग्न लावून देतात आणि दोष पुढे तिच्यावर येतो, असं घडताना दिसतं. तिला आधी सांगा. वैवाहिक संबंधासाठी उपचार आहेत. ते कधी करायचे हे तिने ठरवायचं.

१८. वय २८, दोन लेकरं, सात महिने पाळी नाही. अंगातून वाफा निघतात. इतक्या लवकर जाते का?

चाळिशीच्या आत पाळी कायमची जाणं नेहमीचं नाही, पण होतं. एफएसएच नावाच्या रक्ततपासणीत ते कळतं. कारण कधी गुणसूत्रांचं, कधी थायरॉईडसारखा स्वतःविरुद्ध उलटलेला आजार, कधी कॅन्सरचं औषध, बऱ्याचदा सापडतच नाही. "कटकट गेली" म्हणून सोडू नका. हाडं आणि हृदय यांसाठी साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घ्यावं लागतं. पिशवी काढलेली असेल तर पाळी येणारच नाही. कागद हरवला असेल तर नेमकं काय काढलं ते त्या दवाखान्यातून लिहून घ्या. बीजकोशही काढले असतील तर हेच उपचार लागू होतात.

१९. पपई, तीळ, गरम काढा यांनी येते का? कोणी करणी केली असेल का?

पपई खा, तीळ-गुळाचे लाडू खा, अंगाला चांगले आहेत; थांबलेली पाळी आणत नाहीत. करणीचं म्हणाल तर त्यावर खर्च होणाऱ्या पैशात थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन दोन्ही तपासून होतात.

२०. दवाखान्यात आतून तपासतात म्हणे. लग्नाआधी चालेल का? आणि जायचं कुठे?

संबंध न आलेल्या मुलीची आतून तपासणी करत नाहीत. सोनोग्राफी पोटावरून होते, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून जायचं. बाहेरून पाहावं लागलं तर सोबत आई किंवा सिस्टर असते, आणि नको म्हणायचा हक्क मुलीला आहे. या लाजेची किंमत विदर्भाला नवी नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघालं आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

सुरुवात उपकेंद्रापासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. लघवीची तपासणी, हिमोग्लोबिन तिथे होतं, आणि थायरॉईडसारख्या तपासणीचा नमुना घेऊन बाहेर पाठवायची सोय बहुतेक ठिकाणी आहे. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी "मैत्री" केंद्र असेल तर तिथल्या समुपदेशक ताईंना आधी भेटा. स्त्रीरोगतज्ज्ञ उपजिल्हा किंवा जिल्हा स्त्री रुग्णालयात मिळतील, जसं अमरावतीचं डफरीन. प्रश्न ११ मधली गाठ, प्रश्न १६ आणि १७ यांसाठी नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली वैद्यकीय महाविद्यालयं, किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या खात्याकडे आहेत, तिथे केसपेपर आणि काही तपासण्यांचे पैसे लागतात. कोणते कागद न्यायचे, कोणत्या वारी ओपीडी असते हे १०४ वर विचारता येतं.

२१. मायले न सांगता जाता येते काय?

१८ पूर्ण असतील तर येते, आणि तुमची माहिती घरी सांगायचा अधिकार डॉक्टरला नाही. त्याआतल्या मुलीला सल्ला आणि लघवीची तपासणी यांसाठी एकटीने जाता येतं. रक्त, सोनोग्राफी, औषध यांसाठी मोठं माणूस लागतं. ते आईच असायला पाहिजे असं नाही: आत्या, मोठी वहिनी, शाळेतल्या मॅडम, आशाताई. गावातलीच आशाताई ओळखीची म्हणून नको वाटत असेल तर तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात जा, गर्दीत कोणी कोणाकडे पाहत नाही. केसपेपरवर "पाळीची तक्रार" एवढंच लिहायला सांगा. बाकीचं आत, दार लावून.